चार रिमोट आणि आई

गेल्या वर्षीच्या वैशाखातील गोष्ट. सेवानिवृत्त सहकाऱ्यांची एक बैठक आटोपून मी ठरल्यापेक्षा बराच लवकर बिबवेवाडीतील आमच्या घरी परतलो. दुपारचे चार वाजले असावेत. सौभाग्यवती बाहेर गेल्या होत्या. लॅचच्या किल्लीने दार उघडून आत आलो, तेव्हा आई दिवाणखान्यात टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसलेली दिसली. टीव्ही चालू होता, परंतु चित्र नव्हते. काळ्या पडद्यावर ‘सिग्नल नाही’ एवढीच पाटी संथपणे इकडून तिकडे सरकत होती आणि आई दोन्ही हात मांडीवर ठेवून तिच्याकडे पाहत होती.

“आई, हे काय? कोऱ्या पडद्याकडे काय पाहत बसलीस?”

“काही नाही रे. डोळ्यांना जरा विश्रांती.”

मी रिमोट उचलला, दोन-तीन बटणे दाबली, चित्र आणले आणि आत निघून गेलो. गोष्ट तेथेच संपली असती. परंतु दुसऱ्या दिवशी घरकामाच्या मावशी भांडी घासता घासता मला म्हणाल्या, “साहेब, रागावू नका. आजी चार दिवस झाले दुपारी अशाच बसतात. मी म्हटले, साहेबांना फोन लावू का? तर म्हणाल्या, नको, तो चिडेल.”

आई तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांची होती आणि ज्याच्या चिडण्याला ती भीत होती, तो मी पासष्ट वर्षांचा. त्या दिवशी दुपारी मला झोप लागली नाही. आठवून पाहिले, तेव्हा सारे ध्यानात आले. पंधरा दिवसांपूर्वी तिच्या हातून कोणते तरी बटण दाबले गेले होते आणि आवाज पूर्ण बंद झाला होता. तो पूर्ववत करण्यात माझा पाऊण तास गेला. त्या भरात मी तिला म्हणालो होतो, “आई, तू याला हात लावू नकोस. काही बिघडले तर माणूस बोलवावा लागतो.” बोलून मी विसरलो, तिने मात्र ते पाळले. त्यानंतर ती सौभाग्यवतींना सांगू लागली, “हल्ली त्या मालिकेत काही राम राहिला नाही.” आम्ही दोघांनीही ते खरे मानले.

आमच्या घरातील ही यंत्रसामग्री मुलाच्या हौसेची. तो बेंगळुरूला असतो. दोन दिवाळ्यांपूर्वी त्याने मोठा टीव्ही आणि त्यासोबत होम थिएटरचा संच पाठवला. टीव्हीचा एक रिमोट, सेट-टॉप बॉक्सचा दुसरा, होम थिएटरचा तिसरा आणि इंटरनेटवरील कार्यक्रम दाखवणाऱ्या त्या चिमुकल्या यंत्राचा चौथा. चारही काळे, चारही जवळजवळ एकाच मापाचे. आईला तिची दुपारची मालिका पाहायची, तर आधी टीव्ही चालू करायचा, मग सेट-टॉप बॉक्स, मग होम थिएटर. टीव्हीवर योग्य इनपुट निवडायचे, होम थिएटरवर योग्य इनपुट निवडायचे. वाहिनी एका रिमोटने बदलायची आणि आवाज दुसऱ्याने वाढवायचा. बंद करताना पुन्हा तिन्ही रिमोट. यातील एक पायरी चुकली, की एक तर चित्र नाही किंवा आवाज नाही. एम.कॉम. झालेल्या आणि सदतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसालाही हा क्रम पाठ व्हायला महिना लागला होता.

बँकेच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे असतात. एकट्या माणसाला ती तिजोरी उघडता येऊ नये, हाच त्यामागचा हेतू. वर्षानुवर्षे मी त्यातील एक किल्ली सांभाळली आहे. त्या दुपारी मनात आले, की आपण नकळत दिवाणखान्यातही तशीच स्ट्राँगरूम उभी केली. चार किल्ल्यांची आणि घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीला एकटीने उघडता येऊ नये अशी.

याच आईकडे एके काळी टीव्हीची किल्ली होती, हे येथे सांगितले पाहिजे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे सिंहगडावरील मनोऱ्यामुळे पुण्यातही ते कार्यक्रम दिसू लागले. आमच्याकडे टीव्ही यायला मात्र बरीच वर्षे जावी लागली. रविवार पेठेतील वाड्यात आमचे दोन खोल्यांचे बिऱ्हाड होते आणि वडिलांचे कापडाचे लहान दुकान. मी बँकेत लागल्यावर माझ्या पगारातून आणि वडिलांच्या दिवाळीच्या विक्रीतून कृष्णधवल टीव्ही आला. त्या काळी असे संच लाकडी कपाटात बसवलेले असत. समोर सरकती दारे आणि त्यांना कुलूप. दुकानाच्या गल्ल्याची किल्ली वडिलांच्या खिशात असे आणि टीव्हीच्या कुलपाची किल्ली आईच्या कमरेच्या जुडग्यात. धाकट्या भावाची बारावी होती, त्या वर्षी तिने ते कुलूप क्वचितच उघडले. १९८७ च्या जानेवारीत ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा रविवारी सकाळी वाड्यातील पंचवीस-तीस माणसे आमच्या पुढच्या खोलीत दाटीवाटीने बसत. सगळ्यांची बैठक नीट लागली, म्हणजे मग आई पदराखालून जुडगा काढी आणि कुलूप उघडी. टीव्ही कधी लागायचा आणि कधी मिटायचा, हे आमच्या घरात तीच ठरवीत असे. त्याच बाईला आता, टीव्ही बंद पडला हे सांगायची भीती वाटत होती.

मी आधी मुलाला फोन केला. त्याने सांगितलेल्या गोष्टी माझ्या कानावरून गेल्या आणि मी विचारलेल्या प्रश्नांनी तो कंटाळला. त्याच्या आवाजातील ती घाई ऐकून मला बरे वाटले नाही. परंतु ती घाई माझ्या परिचयाची होती. आईशी बोलताना माझ्याही आवाजात तीच असते. मग मी एका मोठ्या दालनात चौकशी केली. तेथील तरुणाने दोन मिनिटांत निकाल दिला, “काका, हा संच आता जुना झाला. सगळेच नवे घ्या, एका रिमोटवर चालेल.” त्याने सांगितलेला आकडा ऐकून मी नमस्कार करून बाहेर पडलो.

शेवटी बुधवार पेठेतील तपकीर गल्ली गाठली. विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक सामानाच्या त्या गजबजलेल्या बाजारात एका छोट्या दुकानात पन्नाशीचे एक गृहस्थ बसले होते. मी टीव्हीच्या मागच्या बाजूची छायाचित्रे भ्रमणध्वनीवर काढून नेली होती. त्यांनी ती मोठी करून पाहिली आणि हसून म्हणाले, “काका, तुमच्या होम थिएटरला ऑप्टिकल वायर जोडली आहे. हिच्यातून आवाज जातो, हुकूम जात नाही.”

त्या एका वाक्याने माझ्या डोक्यात उजेड पडला. पुढची पंधरा मिनिटे त्यांनी गिऱ्हाइके सांभाळत मला जे समजावले आणि त्यानंतर घरी येऊन मी जे वाचून काढले, त्याचे सार वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देतो.

टीव्हीला इतर यंत्रे जोडणारी जी चपट्या तोंडाची केबल आज घरोघर दिसते, तिला एचडीएमआय म्हणतात. हिताची, मात्सुशिता, फिलिप्स, सोनी, तोशिबा, थॉमसन आणि सिलिकॉन इमेज अशा सात कंपन्यांनी मिळून ती ठरवली आणि डिसेंबर २००२ मध्ये तिचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला. तिच्या तोंडात एकोणीस पिना असतात. बहुतेक पिना चित्र आणि आवाज वाहून नेण्याच्या कामी येतात. तेरावी पिन मात्र वेगळी आहे. तिच्यातून चित्र जात नाही आणि आवाजही जात नाही. तिच्यातून एका यंत्राचा निरोप दुसऱ्या यंत्राला जातो. या व्यवस्थेचे नाव सीईसी, म्हणजे कंझ्युमर इलेक्ट्रॉनिक्स कंट्रोल. मुख्य तारांमधून सेकंदाला अब्जावधी बिट धावतात; या बिचाऱ्या तारेतून सेकंदाला जेमतेम चारशे. पण ‘चालू हो’, ‘बंद हो’, ‘आवाज वाढव’ एवढे सांगायला चारशे पुष्कळ झाले.

ही व्यवस्था कशी चालते, हे मला आमच्या वाड्याच्या उदाहरणाने समजले. वाड्याच्या चौकात उभे राहून कोणी हाक मारली, की ती सगळ्या बिऱ्हाडांना ऐकू येई. परंतु ज्याचे नाव घेतले, तोच ‘ओ’ देई. ही तार म्हणजे असा चौक आहे. तिच्यावर बसलेल्या प्रत्येक यंत्राला क्रमांक असतो. टीव्हीला शून्य आणि ध्वनिसंचाला पाच. आपण टीव्हीच्या रिमोटवर आवाज वाढवण्याचे बटण दाबले, की टीव्ही स्वतःचा आवाज न वाढवता पाच क्रमांकाला हाक मारतो आणि होम थिएटर ‘ओ’ देते. टीव्ही बंद केला, की तो सर्वांना उद्देशून एकच हाक देतो, “झोपा आता,” आणि एकेक यंत्र झोपी जाते.

दुसरी सोय एआरसी नावाची. पूर्वी एचडीएमआय केबलमधून आवाज यंत्राकडून टीव्हीकडेच जात असे. २००९ साली आलेल्या १.४ या आवृत्तीपासून त्याच केबलमधून टीव्हीकडचा आवाज उलट दिशेने होम थिएटरला पाठवता येऊ लागला. त्यामुळे आवाजासाठी वेगळी तार लागत नाही. मात्र टीव्हीच्या मागे तीन-चार एचडीएमआय खाचा असल्या, तरी ही सोय बहुधा त्यातील एकाच खाचेत असते आणि तिच्याजवळ एआरसी असे लिहिलेले असते. आमच्याकडे नेमकी तीच खाच रिकामी होती. ज्याने संच बसवला, त्याने आवाज आला म्हणजे काम झाले असे मानले होते आणि मीही तसेच मानून सही केली होती.

आणखी एक मेख अशी, की केबलमध्ये ही तार असली, तरी एखाद्या यंत्राने तिच्यावर येणाऱ्या हाकेला ‘ओ’ द्यायचीच असे बंधन नाही. ते कंपनीच्या मर्जीवर आहे. शिवाय प्रत्येक कंपनीने या एकाच व्यवस्थेला आपापले नाव दिले आहे. सॅमसंग तिला अ‍ॅनीनेट प्लस म्हणते, सोनी ब्राव्हिया सिंक, एलजी सिंपलिंक, पॅनासोनिक व्हिएरा लिंक आणि फिलिप्स इझीलिंक. त्यामुळे सेटिंगमध्ये सीईसी हा शब्द शोधणाऱ्याला तो सापडेलच असे नाही आणि ती सोय बंद अवस्थेत असेल, तर ती आहे हेही कळत नाही.

दुकानदाराने मला एक केबल दिली. किंमत तीनशे पन्नास रुपये. “एवढ्याने होईल?” मी विचारले. “नाही झाले तर केबल परत आणा,” ते म्हणाले. आपल्यापैकी बहुतेकांचे घर दुकानावर चालते, म्हणून हे मुद्दाम लिहितो. मोठ्या दालनात मला नवा संच सुचवला गेला आणि या छोट्या दुकानात तीनशे पन्नास रुपयांची केबल. त्यानंतर घरातील इन्व्हर्टरपासून नातवाच्या टेबलावरील दिव्यापर्यंत जे जे घेतले, ते मी त्या छोट्या दुकानातूनच घेतले. वडील म्हणत असत, की गिऱ्हाइकाचे पैसे वाचवणारा दुकानदार ते पैसे आपल्याच गल्ल्यात साठवत असतो.

घरी येऊन केबल बदलली. टीव्हीच्या आणि होम थिएटरच्या, दोन्हीकडच्या सेटिंगमध्ये ती सोय चालू केली आणि टीव्हीच्या ध्वनी विभागात बाहेरचा संच निवडला. पहिल्या खेपेला काहीच घडले नाही. मग दुकानदाराने सांगितलेला उपाय केला : सगळ्यांची वीज भिंतीवरच्या बटणापासून बंद करून दोन मिनिटे थांबलो आणि आधी टीव्ही व मग होम थिएटर असे क्रमाने चालू केले. टीव्हीचा रिमोट हाती घेऊन आवाजाचे बटण दाबले. खालच्या कपाटातील होम थिएटरचे आकडे आपोआप वर चढू लागले. सांगायला संकोच वाटतो. परंतु ताळेबंदात तीन दिवस न सापडणारा फरक अचानक सापडल्यावर व्हावा, तसा आनंद मला झाला. तेव्हापासून पावसाळ्यात वीज जाऊन आली आणि ही मंडळी एकमेकांना ओळखेनाशी झाली, की मी हाच उपाय करतो.

उरला सेट-टॉप बॉक्स. तो काही या हाकेला ‘ओ’ देईना. त्याच्यासाठी टीव्हीनेच दुसरा मार्ग दाखवला. आमच्या टीव्हीच्या सेटिंगमध्ये सेट-टॉप बॉक्सची कंपनी निवडण्याची सोय होती. ती निवडताच टीव्हीचा रिमोट त्या बॉक्सच्या इन्फ्रारेड भाषेत बोलू लागला आणि वाहिन्या त्याच्यावरून बदलू लागल्या. अशा रीतीने चारांचे काम एकाकडे आले. उरलेले तीन रिमोट सौभाग्यवतींनी पिशवीत बांधून कपाटात ठेवले.

एका सुधारणेचे श्रेय मात्र आईच्या कानांना आहे. तिला कमी ऐकू येते. आवाज वाढवला की पार्श्वसंगीत अंगावर येई आणि बोलणे तरीही स्पष्ट होत नसे. अशा संचात पाच ध्वनिक्षेपक आणि खर्जाच्या आवाजासाठी एक वेगळा, अशी रचना असते. त्यात पात्रांचे बोलणे मुख्यतः मधल्या ध्वनिक्षेपकातून येते. त्या एकट्याची पातळी वाढवता येते, हे मला वाचताना कळले. ती थोडी वाढवली आणि एकूण आवाज कमी केला. आई काही वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, “आज ही बाई नीट बोलते आहे. इतके दिवस पुटपुटत होती.”

आता खरे काम उरले होते, ते म्हणजे आईच्या हाती तो रिमोट देणे. ती घेईना. “तूच लावून दे. मला नको ते.” मी आग्रह केला, तशी ती अधिकच दूर झाली. तेव्हा सौभाग्यवतींनी आपल्या टिकल्यांचे पाकीट आणले. चालू-बंदच्या बटणावर लाल टिकली, आवाजाच्या बटणावर हिरवी, वाहिनीच्या बटणावर पिवळी. “आई, ही तीनच लक्षात ठेवा. बाकीची नाहीतच असे समजा.” आईने टिकल्यांवरून बोट फिरवून पाहिले. तिला डोळ्यांपेक्षा बोटांनी ते लवकर कळले. दोन दिवस सौभाग्यवती तिच्या शेजारी नुसत्या बसून राहिल्या आणि मला त्यांनी दिवाणखान्याबाहेर काढले. ते योग्यच होते.

सारे सुरळीत होते, तोच सुटीसाठी नातू बेंगळुरूहून आला. त्याच्यासोबत त्याचे खेळाचे यंत्र. आईची मालिका ऐन रंगात आली असताना त्याने आतल्या खोलीतून धावत येत आपल्या कंट्रोलरचे बटण दाबले, आणि मालिका जाऊन पडद्यावर मोटारींची शर्यत आली. यात बिघाड काही नव्हता. ‘मी चालू झालो, मला दाखव’ असे सांगण्याचा अधिकार ही व्यवस्था प्रत्येक यंत्राला देते आणि टीव्ही तो मान्य करतो. पण आईच्या हातात रिमोट होता. तिने तो चटका बसल्यासारखा खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. “मी काही केले नाही रे,” ती म्हणाली.

ते वाक्य मी आधीही ऐकले होते. बँकांच्या संगणकीकरणाची दिशा रंगराजन समितीने १९८४ आणि १९८९ च्या अहवालांत आखून दिली. आमच्या शाखेपर्यंत सगळे व्यवहार एका जाळ्यावर आणणारी प्रणाली पोहोचायला मात्र पुढचे शतक उजाडले. त्या पहिल्या महिन्यांत काउंटरवर रांगा लागत आणि आम्ही सारे वैतागलेले असू. एक वृद्ध निवृत्त शिक्षक दरमहा पेन्शनसाठी येत. त्यांच्या पासबुकातील नोंद यंत्रात अडकली, तेव्हा त्यांनी घाबरून हेच म्हटले होते, “साहेब, मी काही केले नाही.” मी मान वर न करता म्हणालो, “आजोबा, आता सगळे मशीनवर आहे. तुम्हाला नाही जमायचे. घरच्या कुणाला तरी पाठवा.” पुढच्या महिन्यापासून त्यांचा पुतण्या येऊ लागला. नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्यासाठी ते स्वतः आले, तेव्हा माझ्या टेबलाकडे न येता शेजारच्या टेबलाशी उभे राहिले. मी नियमबाह्य काही केले नव्हते. परंतु वीस वर्षे आपल्या पायांनी बँकेत येणाऱ्या माणसाचे येणे माझ्या एका वाक्याने थांबले, हे मला तेव्हा समजले नाही. आईच्या तोंडून तेच शब्द ऐकले, तेव्हा समजले.

मी नातवाला रागावलो नाही. त्याला जवळ बसवून सांगितले, की पणजीला वाटते आहे तिच्याकडून बिघडले. अकरा वर्षांचे पोर. क्षणभर गप्प झाले. मग आईजवळ जाऊन म्हणाले, “पणजी, ते मी केले. तुमचे बटण बरोबर होते.” नंतर आम्ही दोघांनी मिळून त्याच्या यंत्राच्या सेटिंगमध्ये जाऊन टीव्हीला हाक मारण्याची त्याची सोय बंद केली. शाखेत काम करणारे सगळेच विश्वासाचे असतात. म्हणून सहीचा अधिकार सगळ्यांना देत नाहीत. हे तत्त्व त्याला समजले की नाही ठाऊक नाही, पण तेव्हापासून पणजीची मालिका संपेपर्यंत तो वाट पाहू लागला.

या निमित्ताने वाचताना एक मौजेची माहिती मिळाली. अमेरिकेतील झेनिथ कंपनीने १९५० साली टीव्हीसाठी जे दूरनियंत्रक आणले, ते तारेने जोडलेले होते आणि त्याचे नाव चक्क ‘आळशी हाडे’ या अर्थाचे होते. १९५५ मध्ये युजीन पॉली यांनी प्रकाशझोतावर चालणारे बिनतारी उपकरण केले. पण खिडकीतून ऊन आले, की टीव्ही आपोआप भलतेच काही करू लागे. पुढच्याच वर्षी रॉबर्ट अ‍ॅडलर यांच्या रचनेत बटण दाबले, की एक लहानशी हातोडी आतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या दांडीवर आदळे आणि माणसाच्या कानाला न ऐकू येणाऱ्या त्या नादाने टीव्ही चाले. त्याला बॅटरीही लागत नसे. त्या मंडळींना माणसाचे खुर्चीतून उठण्याचे श्रम वाचवायचे होते. सत्तर वर्षांत आपण इतके पुढे आलो, की खुर्चीत बसलेल्या माणसाला टीव्ही लावताच येईना. दोष यंत्राचा म्हणावा, तर त्या केबलमधील तेरावी तार दोन वर्षे आमच्या घरात निरोपाची वाट पाहत पडून होती. ती जोडायचे आम्हाला सुचले नाही, कारण अडत होते ते आईचे. आमचे कोणाचेच अडत नव्हते.

म्हणून वाचकांना एक विनंती करावीशी वाटते. आपल्या घरांत माणसे सकाळी दुकानावर जातात, मुले शाळा-कॉलेजला जातात आणि दुपारी घरी वडीलधारे एकटे असतात. त्यांनी अलीकडे एखादी गोष्ट ‘आवडत नाही’ म्हणून सोडली असेल, तर ती खरोखरच आवडत नाही की जमत नाही, हे एकदा शांतपणे पाहावे. एखाद्या दुपारी दुकानातून न सांगता घरी यावे. यंत्रे जोडून देताना शेवटची परीक्षा स्वतः घेऊ नये. ज्यांना ती रोज वापरायची आहेत, त्यांच्या हाती रिमोट द्यावा आणि आपण बाजूला बसून पाहावे. आणि ते शिकत असताना बोलू नये. हा शेवटचा भाग सर्वांत कठीण आहे, हे अनुभवाने सांगतो.

आता आमच्या घरी एक नवीच अडचण उभी राहिली आहे. रात्री झोपताना आई तो टिकल्या लावलेला रिमोट आपल्या खोलीत नेते आणि उशाशी, चष्म्याच्या डबीशेजारी ठेवते. परवा सकाळी क्रिकेटचा सामना होता. मी दिवाणखान्यात सगळीकडे रिमोट शोधला. पिशवीतले तीन जुने रिमोट काढावेत, तर त्यांच्या बॅटऱ्या सौभाग्यवतींनी केव्हाच भिंतीवरच्या घड्याळांना लावल्या होत्या. शेवटी आईच्या दाराशी जाऊन उभा राहिलो.

“काय पाहिजे?”

“रिमोट. सामना आहे.”

तिने डबीशेजारून तो उचलला आणि माझ्या हाती दिला. “झाला की आणून दे,” ती म्हणाली, “आणि लाल टिकली निघत आली आहे, तिला हात लावू नकोस.”